बासष्ट ते त्रेसष्ट

खाम जिथं नाथसागरात येऊन मिळते
तिथल्या पाण्याला समुद्र ठाऊक नाही.
भरती नाही, ओहोटी नाही,
पैठणला दरवाजे उघडले की
काठ चार पावलं मागं सरतो
आणि गाळ उघडा पडतो, म्हशीच्या पाठीसारखा.

लिंबोरेकाकांनी होडी आडवी धरली.
मी नळी खुपसली, नळजोडणीचीच, साधी,
वर हातोड्याचे अठ्ठावीस घाव.
बाहेर आली तेव्हा तिच्या पोटात
सत्तर सेंटिमीटर चिखल होता
आणि तोंडाला रबरी बूच.

बाभळीखाली ती उभी चिरली.
वरचा वीतभर भाग काळा, सडक्या अंड्याचा वास.
"ह्याच्यात काय बघता, बाई?"
मी भिंग दिलं, बोटावर गाळाचा एक ठिपका दिला.
तिळाहून बारीक, दोन झाकणांची पेटी.
आत राहणारं जित्राब झिंग्याच्या भावकीतलं,
वाढताना आठ वेळा घर टाकतं,
टाकलेलं घर गाळ जपून ठेवतो.
पुस्तकातलं नाव त्यांच्या जिभेवर बसेना.
"तिळशिंपी म्हणा की," ते म्हणाले.
तेव्हापासून माझ्या वहीत तिळशिंपीच.
सर खोडतात. मी पुन्हा लिहिते.

मग त्यांनी विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं:
"ह्या नळकांड्यात आमचं घोडेगव्हाण
कितव्या बोटाला हाय?"

मी पट्टी लावली. धरण भरलं ते साल,
गाळाचा अंदाजे वेग, भागाकार.
बासष्टच्या खाली माती बदलत होती,
भेगाळ, घट्ट, मुळांचे केस असलेली.
"इथं," म्हणाले मी.
काकांनी चिमूट उचलली. हुंगली.
जिभेला लावली, बी-बियाण्याच्या वेळी लावतात तशी.
"आमच्या वावराची न्हाई. गावठाणातली असंल.
राख हाय हिच्यात."
आणि उरलेली सदऱ्याच्या खिशात टाकली.

नमुन्याला हात लावायचा नसतो.
हातमोज्यांची नवी पेटी माझ्या मांडीवरच होती.

प्रयोगशाळेत तीन आठवडे:
चाळणीत धुणं, वाळवणं,
ओल्या कुंचल्याच्या एका केसानं
एकेक शिंपी उचलून खणात ठेवणं.
अठ्ठेचाळीस ते चाळीस: नऊ जाती,
जाड झाकणं, काहींवर जाळीचं नक्षीकाम,
शेजारी शेवाळाच्या काचेच्या डब्या, अख्ख्या.
तेव्हा पाणी पिण्यासारखं होतं, हे ते सांगत नाहीत,
फक्त मरून पडलेले असतात, भरपूर.
तीस: सहा जाती. अठरा: तीन.
बारापासून वर एकच,
पातळ झाकणाची, काहीही सोसणारी,
आणि तिच्या सोबतीला निळा नायलॉनचा धागा.
वरच्या दोन सेंटिमीटरांत तीनशे मोजायच्या होत्या.
अकरा सापडल्या. सात फुटक्या.

शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी,
हे मी अहवालात लिहिलं, जबाबदार शब्दांत.
"शक्यता नाकारता येत नाही" असं.

एकसष्टच्या थरात मात्र एकच शिंपी होती.
पहिली. बुडालेल्या गावठाणावर
पाण्यासोबत येऊन बसलेली.
तिला कुणी सातबारा मागितला नव्हता.
मी ती वेगळ्या खणात ठेवली, कारण न लिहिता.

तक्त्यात बासष्ट ते त्रेसष्टची ओळ रिकामी आहे.
सरांनी विचारलं, सांडलं का?
हो म्हणाले.

काल काकांचा फोन आला.
पाणी उतरलंय, देवळाचा चौथरा दिसतोय,
नळी घेऊन या.
मग थोडं थांबून:
ती माती तुळशीत घातली व्हती,
तुळस काय जगली न्हाई, बाई,
पर ढेकूळ ठेवलंय.
लागत असंल तर सांगा.